राजासॉरसला भेटायला जाण्याआधी

मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला वऱ्हाडातली माणसं महाशिवरात्रीला जातात. गुहेतल्या महादेवाचं दर्शन घ्यायचं, डोंगर चढायचा-उतरायचा, यात्रेत लेकरांना फुगे घेऊन द्यायचे आणि संध्याकाळी परत फिरायचं. त्याच डोंगरांच्या परिसरात, अमरावती आणि बैतुल जिल्ह्यांच्या शिवेवर, भूशास्त्रज्ञांना डायनासोरच्या अंड्यांचं घरटं सापडलं आहे. झाडपाला खाणाऱ्या, लांब मानेच्या टायटॅनोसॉर कुळातल्या प्राण्यांनी साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे अंडी घातली. पुढे दख्खनचा लाव्हा पसरत आला आणि ती सगळी जमीन त्याच्याखाली गेली. अंडी जपून ठेवणाऱ्या त्या थराला भूशास्त्रात ‘लमेटा’ म्हणतात.

आता खोपोलीजवळच्या इमॅजिकात या. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कात ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ नावाची राइड आहे. होडी अंधारात शिरते आणि शिंगवाला एक अजस्र प्राणी गुरगुरत समोर येतो. हा प्राणी कुणा चित्रकाराच्या डोक्यातून निघालेला नाही. गुजरातमधल्या रहिओलीला त्याची हाडं मिळाली तीही याच लमेटा थरात, आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. म्हणजे अकोल्या-अमरावतीचं मूल ज्याला बघायला सहाशे किलोमीटर जातं, त्याच्या काळातली अंडी त्या मुलाच्याच मुलखात पुरलेली आहेत! जाण्याआधी एकदा मुलांना सालबर्डीचे डोंगर दाखवून आणावेत असं मला मनापासून वाटतं. दगड मात्र जागचा हलवायचा नाही, नुसतं बघायचं. मग खोपोलीतला तो यांत्रिक प्राणी त्यांना ओळखीचा वाटेल.

सहलीची आखणी म्हटलं की घरात आधी तिकिटांचा विषय निघतो, मग हॉटेलचा. सुरुवात खरं तर लेकराच्या अंगापासून करावी. पार्कातलं प्रत्येक यंत्र कानाशी, मानेशी, डोळ्यांशी आणि पोटाशी खेळतं, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाचे हे अवयव मोठ्या माणसापेक्षा फार वेगळे वागतात. ते एकदा समजलं की कुठे बसायचं आणि कुठे नाही, हे ठरवायला वेळ लागत नाही.

घरातली आजी विचारतेच, “येवढ्या दूर काहून जाता बाप्पा? बहिरमले पाळणे नाहीत काय?” आजीच्या म्हणण्यात तथ्य आहे. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि जानेवारीभर चालते. हंडीतलं मटण आणि रोडगे खायला लोक जातात, आणि मुलं जातात आकाशपाळण्यासाठी. या पाळण्याची वंशावळ मोठी आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६१५ साली कॉन्स्टँटिनोपलच्या जत्रेत अशाच लाकडी चक्रात बसला होता आणि त्याने ते कौतुकाने लिहून ठेवलं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने त्याच कल्पनेचं पोलादी रूप उभं केलं: २६४ फूट उंच, ३६ डबे, आणि एकेका डब्यात साठ माणसं. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने त्या सप्टेंबरात सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंद तिथे बोलले. शेगावच्या आनंदसागरमध्ये तलावातल्या बेटावर विवेकानंदांचं ध्यानकेंद्र आहे आणि त्याच आवारात मुलांची छोटी आगगाडीही. शिकागोतली ही दोन नवलं एकाच वर्षातली, हे तिथे उभं राहून मुलांना सांगता येतं. आनंदसागर मधली काही वर्षं बंद होतं, तेव्हा सध्या कुठला भाग खुला आहे ते विचारूनच निघावं.

बहिरमचा पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो. एरवी जठर, आतडी, यकृत हे सगळं आपल्या वजनाने शरीराच्या आतल्या आधारांवर टेकलेलं असतं आणि ते ओझं आपल्याला इतकं सवयीचं झालेलं असतं की जाणवतच नाही. पाळणा वेगाने खाली जाऊ लागला की शरीर आणि आतले अवयव बरोबरच खाली जातात, आधारांवरचा भार कमी होतो आणि मेंदूला ही नवी बातमी मिळते. काही मुलांना त्याचं खदखदून हसू येतं, काही आईच्या कुशीत तोंड खुपसतात. आपलं पोट्टं यातलं कुठलं, हे पाळण्यात बघून ठेवलं की मोठ्या पार्कातली निम्मी आखणी झाली म्हणायची.

आता कान. ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, आतल्या बाजूला, प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. तिन्ही एकमेकींशी काटकोनात आणि द्रवाने भरलेल्या. डोकं कुठल्याही दिशेला वळलं की त्या दिशेच्या नळीतला द्रव मागे राहतो आणि तिथल्या सूक्ष्म केसांना वाकवतो. केसांनी मेंदूला कळवायचं की डोकं फिरतंय. पाण्याने भरलेली बादली गरकन फिरवून एकदम थांबवली तरी आतलं पाणी फिरतच राहतं, तसंच इथे होतं. गोल फिरणारी राइड थांबते, द्रव थांबत नाही, आणि मुलाला समोरची जमीन फिरताना दिसते. उतरल्या उतरल्या त्याला चालायला लावू नका. उभं करा, आधार द्या आणि लांबच्या एखाद्या स्थिर झाडाकडे बघायला सांगा. मिनिटाभरात डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळते.

याच नळ्यांशेजारी दोन पिशव्या आहेत आणि त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे, अगदी बारीक खडे आहेत. वर-खाली, पुढे-मागे होणारी हालचाल ते सरकून सांगतात. सालबर्डीच्या त्या अंड्यांचं कवचही कॅल्शियम कार्बोनेटचंच. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी वाचता वाचता थांबलो होतो.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या बाळांना क्वचितच होतो. शाळेच्या वयात तो सर्वांत जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. म्हणून शेगावच्या रस्त्यावर ज्या मुलाला एसटी लागते, त्याला पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्चीच्या राइडमध्ये जपून बसवावं. तिथे डोळे सांगतात ‘आपण उडतोय’, कान सांगतात ‘जागेवरच हलतोय’, आणि या भांडणात पोट ढवळतं. मळमळायला लागलं तर सरळ डोळे मिटायचे. भांडणातला एक पक्ष गप्प झाला की बरंच बरं वाटतं.

उंचीच्या पट्टीवरून पार्कात फार रडारड होते. दोन बोटं कमी पडली म्हणून जाड तळाचे बूट घालणारे पालकही दिसतात. असं करू नये, आणि त्याचं कारण मुलांच्या बांध्यात आहे. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीच्या एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसात साधारण एक अष्टमांश. म्हणजे लहान मुलाचं डोकं त्याच्या मानाने जड आणि मान मात्र कोवळी. शिवाय मांडीवरचा अडसर कंबरेच्या हाडांवर नीट टेकावा लागतो. मूल लहान असेल तर झटक्यात ते अडसराखालून पुढे घसरू शकतं. ती पट्टी हाडं, स्नायू आणि यंत्र यांचा हिशेब करून लावलेली असते. निघण्याआधी घरीच दाराच्या चौकटीशी उभं करून उंची मोजा, पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची मर्यादा बघा आणि काय मिळणार, काय नाही हे मुलाला घरीच सांगा. फाटकाशी कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

ज्यांची उंची भरत नाही त्यांच्यासाठी बघण्यासारखं मात्र खूप आहे. इमॅजिकातला निट्रो हा मोठा रोलर कोस्टर खालून बघा. त्याची गाडी साखळीने वर ओढतात आणि मग सोडून देतात. त्यानंतर तिला पुढे ढकलणारं इंजिन नाही, सगळा खेळ त्या एका चढावावर साठवलेल्या उंचीचा. ४० मीटर खाली आलं की वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पोचतो, आणि या हिशेबात वजन येतच नाही: आजोबा बसले काय आणि नातू बसला काय! गाडी उलटी होते तो फेराही नीट न्याहाळा. तो गोल नाही, थेंबासारखा आहे, वर निमुळता आणि खाली रुंद. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पूर्ण गोल फेरा बांधला होता आणि लोकांच्या माना दुखावल्या, कारण तळाशी वेग सर्वांत जास्त असताना वळणही तेवढंच आवळलेलं होतं. १९७६ साली जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने कॅलिफोर्नियातल्या कोस्टरसाठी थेंबाचा आकार वापरला: तळाशी ऐसपैस वळण, वर गाडी मंदावते तिथे लहान. पाच वर्षांचं मूल कागदावर हा आकार काढू शकतं.

रोलर कोस्टरचं एक मूळ रेल्वेत आहे. पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथे १८२७ साली कोळशाच्या डब्यांसाठी उतरणीचा लोहमार्ग बांधला. डबे आपल्या वजनाने खाली यायचे, आणि रिकामे डबे वर ओढून नेणारी खेचरं उतरताना डब्यात बसून यायची! पुढे लोक पैसे देऊन त्यात बसायला लागले, आणि १८८४ साली लामार्कस थॉम्पसनने कोनी आयलंडवर पाच सेंटांत तसाच खेळ मांडला. आपल्या वाटेवरचा थळ घाट, म्हणजे कसारा घाट, १८६५ साली गाड्यांना खुला झाला. तिथे चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. कोस्टरच्या साखळीचं काम इथे बँकर करतात. जाताना विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेसने घाट अंधारात निघून जातो. येताना दुपारी मुंबईहून निघणारी सेवाग्राम एक्सप्रेस मिळाली तर मुलांना खिडकीशी बसवा.

रांगेचं गणितही मुलांना आवडतं. समजा होडीत २० माणसं बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक सुटते. पुढे २०० माणसं असतील तर दहा होड्या, म्हणजे वीस मिनिटं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर एर्लांग याने १९०९ साली फोनच्या गर्दीवर असाच विचार सुरू केला आणि त्यातून रांगांचं आख्खं शास्त्र उभं राहिलं. हाताला काम असलं की वाट पाहणं कमी वाटतं, तेव्हा होड्या मोजायचं काम मुलांकडेच द्या.

राजासॉरसच्या होडीत बसण्याआधी मिनिटभर डोळे मिटायला लावा. उन्हातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. काही दिसत नाही म्हणून मूल जास्त घाबरतं, डायनासोर तर नंतर येतो. आत मोटरी आणि नळ्या आहेत, हेही आधीच सांगून ठेवा. चार वर्षांच्या मुलाला खरं आणि बनवलेलं यांतली सीमा अजून पक्की झालेली नसते.

एका दिवसात चार-पाच राइड आणि दुपारी सावलीत झोप, एवढंच लहान मुलांच्या घराने ठरवावं. मुलांचं अंग वजनाच्या मानाने पसरट असतं आणि घाम कमी येतो, त्यामुळे उन्हात ती लवकर तापतात. अकोल्याच्या ४५ अंशांची सवय आहे म्हणून खोपोलीच्या दमट उकाड्याला हलकं लेखू नये, कारण तिथे घाम वाळतच नाही. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी प्रवासात जवळ असू द्या.

हंगाम निवडताना वऱ्हाडाला एक मोकळीक आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. जूनच्या मध्यानंतर मुंबई-पुण्याची मुलं वर्गात बसलेली असतात, आपली मोकळी असतात आणि कोकणपट्टीत पाऊस पोचून हवा निवलेली असते. मधल्या वारी गेलं तर गर्दी कमीच भेटते. मोठी सर आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, म्हणून हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवावा. जोखीम नको असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीतला सोमवार ते गुरुवार गाठावा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यासाठी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण रात्रभराच्या प्रवासात त्याच्यासाठी वेगळा बर्थ घ्यावा. पहाटे कल्याणला उतरायचं, तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल धरायची, आणि पहिला दिवस पार्कात न जाता नुसता झोपेला द्यायचा.