बंदुकीच्या दुकानातील पारख

मडके घेणारा मनुष्य ते टिचकी मारून पाहतो. नारळ घेणारा तो कानाशी धरून हलवतो. बैल घ्यायचा असेल तर शेतकरी त्याचे दात पाहतो आणि चार पावले चालवूनही पाहतो. पाहिल्याशिवाय घेऊ नये, ही बाजाराची फार जुनी शिकवण आहे आणि कायद्यानेही ती मान्य केलेली आहे. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे ४१ वे कलम सांगते की, ज्याने माल आधी पाहिलेला नाही त्याला तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने माल स्वीकारला असे समजू नये. त्याच कायद्याच्या १६ व्या कलमात या हक्काची दुसरी बाजू आहे. ग्राहकाने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल त्याला मागाहून गुणवत्तेच्या नावाने तक्रार करता येत नाही. डोळे उघडे ठेवण्याचा अधिकार आणि डोळे उघडे ठेवण्याची जबाबदारी, अशी ही जोडी आहे.

आता हीच गोष्ट बंदुकीला लावून पाहू. मडके पारखताना हातातून निसटले तर मडके फुटते. बंदूक पारखताना चूक झाली तर माणूस मरतो. मग ग्राहकाच्या तपासण्याच्या हक्काचे काय करायचे? हा प्रश्न ज्या देशात रोज हजारो दुकानांत सोडवावा लागतो तो देश म्हणजे अमेरिका. तेथे शिकारीच्या बंदुका सायकली आणि मासे धरायचे गळ विकणाऱ्या मोठ्या दुकानांतही मिळतात, आणि पिस्तुलांची स्वतंत्र दुकाने तर गावोगाव आहेत. तेथील रीतिरिवाज समजून घेतले की पारख या शब्दाचा अर्थ आपल्या नेहमीच्या समजुतीहून पुष्कळ मोठा आहे असे दिसते.

प्रथम ग्राहक काय पाहू शकतो ते सांगतो. मांडलेली बंदूक स्वतः उचलून घेण्याची मुभा बहुतेक दुकानांत नसते. ती काचेच्या कपाटात किंवा गल्ल्यामागच्या मांडणीवर असते आणि पुष्कळदा तिच्या चापाला कुलूप असते. विक्रेता ती काढतो, नळी कोणाच्याही अंगावर येणार नाही अशी वळवतो, मॅगझिन बाहेर काढतो आणि चेंबर, म्हणजे काडतूस जेथे बसते तो कोठा, उघडतो. तो कोठा नुसता नजरेने पाहून भागत नाही. बोट घालूनही चाचपायचा असतो. मग तशा उघड्या स्थितीतच तो बंदूक ग्राहकाच्या हाती देतो. गंमत अशी की, समोर पाहिलेले असूनही जाणता ग्राहक तीच तपासणी पुन्हा स्वतः करतो. यात विक्रेत्यावर अविश्वास नाही. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे, हा तेथील नेमबाजांचा पहिला नियम आहे, आणि आताच पाहिली म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

यानंतरही काही गोष्टी विचारून कराव्या लागतात. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून पाहावा असे प्रत्येकाला वाटते, कारण चाप किती जड आहे यावर नेम अवलंबून असतो. परंतु लहान ‘पॉइंट बावीस’ जातीच्या अनेक बंदुकांत चेंबर रिकामे असताना चाप ओढला, तर ठोक्याची सुई चेंबरच्या काठावर आदळते आणि दोहोंना इजा पोचू शकते. म्हणून परवानगी घेतल्याशिवाय चाप ओढू नये असा शिष्टाचार आहे. बंदूक खोलून पाहण्यालाही तोच नियम लागू. एका वेळी एकच बंदूक गल्ल्यावर ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि त्याला चोरीचे कारण आहे. परवानाधारक दुकानातून बंदूक गहाळ झाली तर ती कळल्यापासून ४८ तासांच्या आत फेडरल खात्याला आणि स्थानिक पोलिसांना कळवावे लागते. आणखी एक काटेकोर नियम म्हणजे, ज्या गल्ल्यावर बंदूक हाताळली जाते तेथे तिचे काडतूस येता कामा नये. जुनी बंदूक विकायला आणणाऱ्याला तर ती रिकामी आहे याची खात्री दारातच द्यावी लागते.

एवढे निर्बंध असताना ग्राहकाने तपासायचे तरी कशाला, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. विकलेली बंदूक बहुतेक दुकाने परत घेत नाहीत. दोष निघाला तर ती दुरुस्तीसाठी कारखान्याकडे पाठवावी लागते. आणि बंदूक एकदा नावावर चढली की ती जुनी ठरते. म्हणून नळीत गंज किंवा खड्डे आहेत काय, रिव्हॉल्वरचे चक्र आपल्या जागी घट्ट बसते काय, खटका चालतो काय, हे सारे कागदावर सही करण्यापूर्वी पाहायचे असते. दूरच्या व्यापाऱ्याकडून मागवलेली बंदूकही थेट घरी येत नाही. ती गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे येते, आणि तेथे पाहून नापसंत वाटली तर फॉर्म भरण्याआधीच नको म्हणता येते.

घरपोच बंदूक पूर्वी येत असे. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची ज्या रायफलीने हत्या झाली ती ओस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने टपालाने मागवली होती. दुर्बिणीसह तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. या व्यवहारात ग्राहकाने बंदूक पाहिली नाही हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की, दुकानदाराने ग्राहकाला पाहिले नाही. १९६८ च्या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या सामान्य ग्राहकाला टपालाने बंदूक पाठवणे बंद केले. तेव्हापासून गल्ल्याच्या दोन बाजूंना दोन माणसे समोरासमोर उभी राहिली. आमच्या विषयाचे मर्म येथेच आहे. बंदुकीच्या दुकानात पारख दोन असतात. ग्राहक बंदूक पारखतो, आणि दुकानदार ग्राहकाला पारखतो.

या दुसऱ्या पारखेचा एक भाग कायद्याने ठरवून दिला आहे. परवानाधारक दुकानदाराने २१ वर्षांखालील व्यक्तीला पिस्तूल आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला कोणतीही बंदूक विकू नये, असा फेडरल कायदा आहे. ग्राहकाने ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, ओळखपत्र दाखवायचे, आणि मग त्याच्या नावावर गंभीर गुन्हा किंवा अन्य मनाई आहे काय याची चौकशी व्हायची. १९९३ च्या ब्रेडी कायद्यानुसार ही चौकशी नोव्हेंबर १९९८ पासून मध्यवर्ती नोंदींवरून तत्काळ केली जाते. परंतु या व्यवस्थेत एक फट आहे. तीन कामाच्या दिवसांत निश्चित उत्तर आले नाही, तर फेडरल कायद्याप्रमाणे दुकानदाराला विक्री करता येते. २०१५ साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ भाविकांना मारणाऱ्याने आपले पिस्तूल असेच मिळवले होते. ती विक्री व्हायला नको होती, हे पुढे एफबीआयनेच मान्य केले.

कायदा जेथे थांबतो तेथे दुकानाचे स्वतःचे धोरण सुरू होते. वॉलमार्ट या प्रचंड साखळीचे उदाहरण घ्या. नकार आला नाही एवढ्यावर तिने भागवून घेतले नाही. होकार येईपर्यंत बंदूक द्यायची नाही, असा नियम तिने केला. २००८ साली तिने महापौरांच्या एका संघटनेबरोबर दहा कलमी आचारसंहिता मान्य केली, आणि बंदुकीच्या विक्रीचे चित्रीकरण हे त्यातील एक कलम होते. २०१८ मध्ये तिने खरेदीचे किमान वय २१ केले. कायद्याने यातले काहीही तिच्यावर लादलेले नव्हते.

मनुष्य पारखण्यात दुकानदाराला सर्वांत जपावे लागते ते दुसऱ्यासाठी घेणाऱ्याला. एक जण बंदुका हाताळतो, चाप ओढून पाहतो, ‘हीच हवी’ म्हणतो. आणि फॉर्म भरायला पुढे होतो तो मघापासून गप्प उभा असलेला सोबती. ज्याला स्वतःच्या नावावर बंदूक मिळणार नाही असा मनुष्य पुष्कळदा याच वाटेने ती मिळवतो. खरा खरेदीदार तुम्हीच काय, हा प्रश्न फॉर्मवर आहेच, आणि तेथे खोटे लिहिणे गुन्हा आहे. २०१४ साली अब्राम्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, ज्याच्यासाठी बंदूक घेतली त्याला ती कायद्याने बाळगता येत असली तरीही हे खोटे गुन्हाच ठरते. पण न्यायालयाचा निर्णय पुढची गोष्ट झाली. बंदूक कोण पाहत होता आणि पैसे कोणी दिले, हे त्या क्षणी फक्त गल्ल्यामागचा माणूस पाहू शकतो.

याहून अवघड प्रसंग असा, की ज्यात कागद स्वच्छ असतो, मनुष्यही खरा असतो, आणि तरीही बंदूक देऊ नये असे असते. २००९ साली न्यू हॅम्पशायर राज्यात आठवड्याच्या आतच तीन माणसांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांत आत्महत्या केल्या. तिघांचा परस्परांशी संबंध नव्हता. कायद्याची चौकशी कालपर्यंतचे पाहते. आज या माणसाच्या मनात काय चालले आहे ते तिला दिसत नाही. यानंतर बंदूकविक्रेते, बंदूकहक्काचे पुरस्कर्ते आणि आत्महत्या-प्रतिबंधाचे कार्यकर्ते एकत्र बसले. एरवी ही मंडळी एका व्यासपीठावर येणे कठीण. त्यांनी दुकानदारांसाठी एक साधी टिपणी तयार केली. ज्याला बंदुकीची काहीच माहिती नाही आणि करून घ्यायचीही इच्छा नाही, जो निगेविषयी, सुरक्षिततेविषयी एक शब्द विचारत नाही, ज्याला घाई आहे, जो मोजकीच काडतुसे मागतो, जो बोलता बोलता मोडलेल्या संसाराचा किंवा गेलेल्या नोकरीचा उल्लेख करतो, त्याच्याशी थोडे अधिक बोला, आणि मन ग्वाही देत नसेल तर विकू नका. पुढे पाहणी केली तेव्हा त्या राज्यातील जवळजवळ निम्म्या दुकानांत हे साहित्य लावलेले आढळले, आणि इतर राज्यांनीही हा उपक्रम उचलला. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या साध्या टिपणीचे मोल कळते.

येथे सुरुवातीची तपासणी पुन्हा नव्या अर्थाने समोर येते. जो खरोखर शिकारीसाठी किंवा नेमबाजीसाठी बंदूक घेतो तो ती दहा वेळा पाहतो, नळीत डोकावतो, वजन तोलतो, किमतीवर घासाघीस करतो. जो काहीच न पाहता ‘कोणतीही द्या’ म्हणतो, त्याच्याबद्दल शंका यावी. म्हणजे ग्राहक माल कसा पारखतो, यावरूनच दुकानदार ग्राहकाला पारखतो. दोन तपासण्या एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत. हे अर्थात अचूक शास्त्र नव्हे. नवखा माणूस भांबावलेला असू शकतो, आणि दुःखी माणूस हसतमुखही असू शकतो. शिवाय संशयाच्या नावाखाली वर्ण किंवा वेश पाहून नकार देण्याचा धोका आहेच. म्हणून टिपणीतली लक्षणे माणसाच्या वागण्याची आहेत, त्याच्या रूपाची नाहीत.

आपल्याकडील व्यवस्था वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना आधी, दुकान नंतर. माणसाची पारख पोलीस आणि परवाना देणारा अधिकारी करतो, आणि दुकानदार परवाना पाहतो. त्यामुळे बंदुकीच्या बाबतीत हा प्रश्न आपल्यापुढे क्वचितच येतो. पण जीव घेणारी वस्तू गल्ल्यावरून विकणारे दुकानदार आपल्या गावांतही आहेत. शेतीची औषधे विकणारा आहे, औषधांचा दुकानदार आहे. कीटकनाशक प्राशन करून जीव देणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो, आणि डबा कोणी विकला हा विचार सहसा करीत नाही. त्या दुकानदाराला दोष द्यावा असे आमचे म्हणणे नाही. न्यू हॅम्पशायरच्या दुकानदारांनाही कोणी दोष दिला नव्हता. त्यांना विचारले एवढेच की, तुम्ही काही करू शकाल काय? पिकावर कोणती कीड पडली आहे, किती एकर आहे, फवारणी केव्हा करणार, हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. ज्याचे शेत आहे तो आनंदाने उत्तर देतो. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याला बसवून पाणी द्यावे आणि त्याच्या घरच्यांना निरोप पाठवावा.