मक्यावरची अळी, माणसाचं प्रथिन

सिल्लोड-कन्नडकडच्या मका उत्पादकाला लष्करी अळीची ओळख करून द्यावी लागत नाही. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा. मूळची अमेरिका खंडातली ही कीड २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि पुढच्याच खरिपात तिने मराठवाड्याच्या मक्याची चाळणी केली. कृषी विभागाने तिच्यावर इतकी पत्रकं काढली, पण एक गोष्ट त्यात कुठे वाचल्याचं आठवत नाही: याच अळीच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत माणसाची प्रथिनं तयार करतात. त्यातही कायनेज जातीची प्रथिनं फार.

कायनेज म्हणजे काय, हे समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगर तशी सोयीची जागा आहे. वाळूज एमआयडीसीत वोखार्टचा बायोटेक पार्क आहे. या कंपनीने २००३ मध्ये ‘वोसुलिन’ नावाचं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. माणसाचा जनुक यीस्टमध्ये घालायचा, ते यीस्ट मोठ्या टाक्यांत वाढवायचं आणि त्याच्याकडून इन्सुलिन करून घ्यायचं, अशी ही पद्धत. दुसऱ्या जिवात जनुक घालून मिळवलेल्या अशा प्रथिनाला रिकॉम्बिनंट म्हणतात.

आता हे इन्सुलिन टोचल्यावर काय होतं? ते रक्तातून स्नायूच्या पेशीपाशी पोचतं आणि बाहेरच, पेशीच्या आवरणातून डोकावणाऱ्या ग्राहीवर बसतं. साखर आत घेण्याचा हुकूम मग आत जातो कसा? या ग्राहीचा आतला भाग हेच एक कायनेज आहे. कायनेजचं काम एकच: एटीपी या पेशीतल्या रेणूकडून फॉस्फेट घ्यायचं आणि ते प्रथिनावर चिकटवायचं. सरकारी कचेरीत शिक्का पडल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही, तसंच इथे. इन्सुलिन बसलं की ग्राहीचे दोन जोड अर्धे आधी एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि जागे होतात; मग पुढच्या प्रथिनावर, तिथून त्याच्या पुढच्या. साखळीच्या शेवटी साखर वाहून नेणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात. टाइप-टू मधुमेहात पुष्कळदा इन्सुलिन भरपूर असतं, हा आतला निरोप मात्र अडखळतो.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत पहिल्या रिकॉम्बिनंट इन्सुलिनला परवानगी मिळाली १९८२ मध्ये, आणि इन्सुलिनचा ग्राही स्वतःवरच फॉस्फेट चढवतो हे कासुगा, कार्लसन आणि कान यांनी दाखवलं तेही त्याच वर्षी.

माणसात अशी कायनेजं पाचशेहून अधिक आहेत. त्यांचा अभ्यास करायचा तर ती शुद्ध स्वरूपात हाताशी हवीत, आणि घोडं इथेच अडतं. इन्सुलिन अवघ्या ५१ अमिनो आम्लांचं. कायनेज कितीतरी मोठं. त्याची घडी नीट पडली नाही तर ते निकामी. जिवाणूंकडून ते करवून घेता येतं, पण बरीच कायनेजं तिथे गुठळ्या होऊन बसतात, आणि चांगली जमली तर भलत्याच प्रथिनांवर फॉस्फेट चढवून यजमानालाच मारतात. कीटकाच्या पेशी मात्र या बाबतीत माणसाच्या पुष्कळ जवळच्या. त्यांच्यात माणसाचा जनुक पोचवायचं काम एक विषाणू करतो.

हरभऱ्यावर घाटेअळीसाठी एचएनपीव्ही फवारणाऱ्या शेतकऱ्याला यातली निम्मी गोष्ट ठाऊक असते. हा अळीला आजार आणणारा विषाणू. उन्हाने तो मरतो म्हणून फवारणी संध्याकाळी करायची आणि द्रावणात नीळ घालायची; रोगट अळ्या मग फांदीच्या शेंड्याला उलट्या लटकून मरतात. या कुळातले विषाणू पानावर टिकून राहण्यासाठी शेवटी शेवटी एका प्रथिनाचं कवच ढिगाने तयार करतात. प्रयोगशाळेच्या बाटलीत ऊन नाही, म्हणजे कवचही नको. मग त्या जनुकाच्या जागी माणसाचा जनुक बसवला तर? टेक्सासमध्ये गेल स्मिथ आणि मॅक्स समर्स यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच केलं आणि अळीच्या पेशींनी मानवी इंटरफेरॉन करून दिलं. त्यासाठी दरवेळी शेतातून अळ्या गोळा कराव्या लागत नाहीत. लष्करी अळीच्या कोषातल्या अंडाशयापासून १९७७ मध्ये वेगळ्या केलेल्या पेशींचा वंश आजही बाटल्यांत वाढतो आहे. त्यातली ‘एसएफ-नाइन’ ही शाखा सर्वांत प्रसिद्ध. इन्सुलिन-ग्राहीतल्या कायनेजचा आकार १९९४ मध्ये अणूंच्या पातळीवर उलगडला, तेव्हा ते प्रथिनही कीटकपेशींतूनच आलेलं होतं.

आज हे कायनेज विकत मिळतं: इवल्याशा कुपीत काही मायक्रोग्रॅम, उणे सत्तर-ऐंशी अंशांत गोठवलेलं, वर ‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी. ते औषध नव्हे. औषधाची परीक्षा घेण्याचं साधन आहे. कर्करोगावरची पुष्कळशी नवी औषधं कायनेज रोखून काम करतात. अडचण अशी की कायनेजं एकमेकांसारखी दिसतात. गाठीच्या वाढीला हातभार लावणारं आयजीएफ-वन ग्राहीचं कायनेज आणि इन्सुलिन-ग्राहीचं कायनेज ही जवळपास जुळी भावंडं. एकाला रोखायला केलेला रेणू दुसऱ्यालाही रोखू लागला की रुग्णाची साखर चढते. म्हणून नवा रेणू आधी अशा कुप्यांच्या रांगेवर चालवून पाहतात: कोणतं थांबलं, कोणतं चालूच राहिलं, आणि किती मात्रेला. मला तर ही रटाळ वाटणारी चाचणी औषधशास्त्रातली फार मोलाची पायरी वाटते, कारण भलतं कायनेज थांबत असेल तर ते माणसाला गोळी देण्याआधीच कळतं.

गेल स्मिथ पुढे नोवाव्हॅक्स कंपनीत गेले. तिथल्या कोविड लशीचं स्पाइक प्रथिन याच एसएफ-नाइन पेशींत तयार झालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती लस ‘कोवोव्हॅक्स’ नावाने बनवली आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी तिला भारतात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. लष्करी अळीने मराठवाड्याच्या मक्याची चाळणी करून तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.