जीवनसत्त्व एकच, एका लेकराला लागू, दुसऱ्याला का नाही?

महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरातल्या वस्तीवर एखाद्या लेकराला वारंवार आकडी येते, चालण्या-बोलण्याला उशीर लागतो, तेव्हा पहिले बोट आईकडे दाखवले जाते. 'ग्रहणात भाजी चिरली', 'मागच्या जन्मीचे पाप' असे बोल तिला ऐकावे लागतात. आम्ही प्रथम हेच सांगतो की यात आईचा काडीचाही दोष नसतो. अशा काही आजारांचे मूळ जनुकात असते, आणि त्यातल्या काहींवर साध्या जीवनसत्त्वाचा उपाय आहे.

खाल्लेल्या अन्नाचे शरीरात रूपांतर करणारे कारागीर म्हणजे एन्झाइम. पुष्कळ कारागिरांचे हत्यार म्हणजे जीवनसत्त्व. कारागीर कसा घडवायचा याचा आराखडा जनुकात असतो. आराखड्यातली चूक लहान असली तर कारागीर अधू होतो. मोठ्या मात्रेत जीवनसत्त्व मिळाले की तो थोडेफार काम करू लागतो. पण चुकीमुळे कारागीर घडलाच नाही, तर हत्यारांचा ढीग घालून काय उपयोग?

१९६२ साली उत्तर आयर्लंडमध्ये होमोसिस्टिन्यूरिया हा आजार प्रथम नोंदला गेला. यात डोळ्याचे भिंग सरकते, रक्ताच्या गाठी होतात, बुद्धीची वाढ मंदावते. साधारण निम्म्या रुग्णांना बी-६ लागू पडते. आयर्लंडमध्ये जास्त दिसणारी जनुकातली एक चूक मात्र बी-६ला दाद देत नाही. त्या रुग्णांना पथ्याचा आहार व दुसरी औषधे लागतात. म्हणून शेजारच्या मुलाचा गुण पाहून आपल्या मुलाचे औषध ठरवू नये.

बायोटिनिडेजच्या कमतरतेत केस गळतात, अंगावर चट्टे उठतात, आकडी येते. यात रोजची बायोटिनची गोळी जवळजवळ प्रत्येकाला लागू पडते, पण ती जन्मभर घ्यावी लागते. उशीर झाला तर गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही.

आई-बाप दोघांकडे तीच चूक लपलेली असेल, तर दर बाळंतपणात चारात एक मूल आजारी होण्याची शक्यता असते. आपल्या सातारा-सांगलीकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. नात्यात असा आजार असेल तर सोयरीक जुळवण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे.

गिरणगावात राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना परळचे के.ई.एम. रुग्णालय ठाऊक आहे. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात ते देशातील विशेष केंद्रांपैकी एक ठरले. यादीतील आजारांसाठी केंद्र सरकारकडून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, जुने कागद आणि नात्यातल्या आजारांची माहिती सोबत न्यावी.

दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत. बी-६ फार झाले तर नसांना इजा होते. आणि गुण आला म्हणून गोळी बंदही करू नये. आईला बोल लावण्यात गेलेला एकेक दिवस लेकराचाच जातो, एवढे घरातल्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.