दुर्बिणीच्या रायफलीची निवड : शिकारनोंदींच्या अभ्यासकांसाठीं कांहीं विवेचन

संस्थानी दफ्तरांतील शिलेखान्याच्या याद्या व शिकारीच्या रोजनिश्या अधूनमधून संग्राहकांच्या हातीं येतात. त्यांतील तोड्याच्या बंदुका आपणांस अपरिचित नसतात. जामगी, रंजक, गज हे शब्द जुन्या कागदांतून आपल्या नित्य परिचयाचे झालेले आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या नोंदींत ‘२७५ रिग्बी’, ‘३७५ मॅग्नम’, ‘माउझर, दुर्बिणीसह’ अशीं नांवें येऊं लागलीं कीं वाचक अडखळतो. हें शस्त्र कोणतें, तें कोणत्या हेतूनें निवडलें जाई, आणि त्यानें लांबून टाकलेल्या बारावर कितपत भरंवसा ठेवावा, याचा उलगडा झाल्यावांचून त्या नोंदींचें मोल ठरवितां येत नाहीं. तोच उलगडा येथें करण्याचें योजिलें आहे. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेची शिकार बंद झाली. तथापि स्कॉटलंड, जर्मनी, नामिबिया इत्यादि देशांत ती परवान्यानें आजही चालते. त्यामुळें रायफल निवडण्याचें शास्त्र तेथें जिवंत आहे व जुन्या नोंदी समजण्यास तें उपयोगी पडतें.

प्रथम आंकड्यांविषयीं. ‘२७५’ म्हणजे इंचाचे हजार भाग कल्पिल्यास त्यांतील २७५ भाग; हा नळीच्या आंतील व्यास होय. जर्मन पद्धतींत हेंच काडतूस ‘७×५७’ असें लिहितात. ७ मिलिमीटर हा व्यास आणि ५७ मिलिमीटर ही काडतुसाच्या पितळी कोशाची लांबी. माउझरचें हें काडतूस लंडनच्या रिग्बी कंपनीनें ‘२७५ रिग्बी’ या नांवानें विकलें. तेव्हां एका यादींत ‘२७५’ व दुसरींत ‘७ मि. मी.’ असें आढळल्यास तेवढ्यावरून दोन निराळ्या बंदुका मानूं नयेत. ‘३०-०६’ यांतील ०६ हा व्यासाचा अंश नसून तें काडतूस अमेरिकन सैन्यांत घेतलें गेलें त्या १९०६ सालाचा निर्देश आहे. लष्करी काडतुसें खाजगी हातीं पडूं नयेत म्हणून ‘३०३’ जातीची रायफल भारतांत खाजगी वापरास मना असे. याच कारणानें इशापूरच्या कारखान्यांतील शिकारी रायफल ‘३१५’ व्यासाची आढळते.

आतां बोल्ट म्हणजे काय तें पाहूं. नळीच्या मागील तोंडास लागणारा हा पोलादी अडसर होय. दाराची कडी उचलून मागें ओढावी व पुन्हां पुढें सारून खालीं पाडावी, तसाच याचा व्यापार. मागें ओढतांना रिकामा कोश बाहेर पडतो, पुढें सारतांना नवें काडतूस नळींत शिरतें. ड्रायझे या जर्मन कारागिराची अशी बंदूक प्रशियानें १८४१ सालीं स्वीकारली. माउझर यानें १८९८ च्या नमुन्यांत ती पूर्णत्वास नेली. त्या नमुन्यांत बोल्टाच्या पुढील टोकास दोन भक्कम खुंट असून ते नळीच्या तोंडाशींच अडकतात, मागें तिसरा राखीव खुंट असतो, आणि लांब पोलादी आंकडा काडतुसाची कड आरंभापासून धरून ठेवतो. पुढील अनेक शिकारी रायफली याच नमुन्यावरून निघाल्या.

दुनळी रायफल असतांना बोल्टाची कां घ्यावी? दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठराविक काडतुसासाठीं व बहुधा शंभर यार्डांच्या आंतील पल्ल्यासाठीं जुळविलेल्या असतात. पल्ला वाढला कीं दोन नळ्यांच्या गोळ्यांची जुळणी बिघडते. जवळ आलेल्या वाघावर वा हत्तीवर लागोपाठ दोन बार टाकण्यास ती उत्तम. दूरच्या हरणास मात्र एकच नळी, एकच शिस्त व भक्कम अडसर हवा. म्हणून यादींत दोन्ही प्रकार शेजारी दिसले तर ती श्रीमंतीची हौस समजूं नये. त्यांचीं कार्यें भिन्न आहेत.

निवडीचा क्रम जनावरापासून सुरू होतो. आधीं जनावर, मग गोळी, मग रायफल, आणि शेवटीं दुर्बीण. स्कॉटलंडांत लाल हरणासाठीं १९८५ च्या हुकुमानें गोळीचा वेग सेकंदास निदान २,४५० फूट व जोर १,७५० फूट-पौंड ठरविला. जर्मनींत मोठ्या हरणास निदान ६.५ मिलिमीटर व्यास आणि १०० मीटरांवर २,००० ज्यूल जोर लागतो. आफ्रिकेतील अनेक देशांत हत्ती-गव्यासारख्या जनावरांसाठीं ‘३७५’ हून लहान रायफल चालत नाहीं. ‘३७५ मॅग्नम’ हें हॉलंड आणि हॉलंड कंपनीचें १९१२ चें काडतूस. उलट मोठें तेवढें चांगलें असेंही नाहीं. दणका जबर असला कीं नेमबाज चाप ओढण्याच्या क्षणीं अंग चोरतो आणि बार भलतीकडे जातो. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्यानें आफ्रिकेंत ७ मिलिमीटरच्या लहान काडतुसानें शेंकडों हत्ती पाडले. कारण त्यानें हत्तीच्या कवट्या चिरून मेंदूचें स्थान अभ्यासिलें होतें व तो जवळ जाऊन बार टाकी. जोर मर्मस्थानीं पोंचला तरच तो जोर.

दुर्बीण ही नवी वस्तु नव्हे. मुंबई सैन्यांतील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यानें रायफलीवर बसविण्याची दुर्बीण सिद्ध केली होती व ती अमेरिकेच्या यादवी युद्धांत (१८६१–६५) व्हिटवर्थ रायफलींवर वापरली गेली. व्हिएन्नाच्या काहलेस कंपनीची टेलोरार दुर्बीण १९०० सालची. तिचा खरा उपयोग वस्तु मोठी दिसण्याहून निराळा आहे. साध्या रायफलींत मागची खांच, पुढची माशी व जनावर हीं तिन्ही एका रेषेंत आणावीं लागतात, परंतु डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्थिर होतो. दुर्बिणींत उभी-आडवी रेषा व जनावर हीं एकाच पातळींत दिसतात.

तिच्यावरील ‘६×४२’ या आंकड्यांचा अर्थ असा : वस्तु ६ पट मोठी दिसते व पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. ४२ ला ६ नें भागिल्यास ७ येतात. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढा रुंद असतो. अंधारांत तरुणाच्या डोळ्याची बाहुली सुमारें ७ मिलिमीटर विस्तारते. म्हणून संध्यासमयीं ६ पटीची दुर्बीण उजळ दिसते. त्याच भिंगावर १२ पट केल्यास झोत ३॥ मिलिमीटर राहतो, दृश्य अंधुक होतें, हाताचा कंपही दुप्पट भासतो व भोंवतालचें क्षेत्र आकुंचित होतें. मागचें भिंग डोळ्यापासून सुमारें ३ ते ३॥ इंच दूर असावें, नाहीं तर दणक्यानें भुंवई फुटते. दुर्बीण धरणारीं कडीं सैल असतील तर उत्तम भिंगही व्यर्थ होय.

एवढें साधल्यावर पल्ला किती? ‘३०-०६’ ची १८० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर जुळविली असतां ३०० यार्डांवर सुमारें ८ ते ९ इंच व ४०० यार्डांवर सुमारें २ फूट खालीं येते. ताशीं १० मैलांचा आडवा वारा ४०० यार्डांवर तिला सुमारें फूटभर बाजूस नेतो. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचें मर्मस्थान ८ ते १० इंचांहून मोठें नसतें. गोळीचें खालीं येणें मोजतां येतें; वारा मात्र अंदाजानेंच घ्यावा लागतो. शिवाय तेथवर जाण्यास गोळीस अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यांत ताशीं ३ मैलांच्या चालीनें चालणारें जनावर २ फूट पुढें सरतें. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति चललक्ष्यावरील नेमाची प्रशंसा करितो. तें धनुष्याच्या जवळच्या पल्ल्यास शोभतें. लांब पल्ल्याच्या रायफलीचा नियम अगदीं उलट आहे : जनावर स्थिर, रायफलीस टेकू, वारा मंद. नाहीं तर बार टाकूं नये. दुर्बीण अंतर दृष्टीपुरतेंच कमी करते. तो अर्धा सेकंद ती कमी करीत नाहीं.

या विवेचनाचा नोंदींशीं संबंध येथेंच आहे. शिकारनोंदींत पडलेलीं जनावरें मोजलेलीं असतात. जखमी होऊन गेलेलीं बहुधा गाळलेलीं असतात. जिम कॉर्बेट यांनीं १९०७ सालीं मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते, आणि तें जुन्या गोळीचें काम होतें. नैसर्गिक भक्ष्य धरणें अशक्य झाल्यानें ती नरभक्षक बनली व कॉर्बेट यांनीं दिलेल्या आंकड्याप्रमाणें तिनें ४३६ माणसें मारलीं. ती पहिली गोळी टाकणाराचें नांव कोणास ठाऊक नाहीं. त्या पराक्रमाबद्दल संयुक्त प्रांताचे नायब गव्हर्नर सर जॉन ह्यूवेट यांनीं कॉर्बेट यांस भेट दिलेली रायफल ‘२७५ रिग्बी’ हीच होती. बोल्ट माउझरचा, दुर्बीण नाहीं. म्हणून ‘रिग्बी’ या नांवावरून दुर्बीण गृहीत धरूं नये.

शरयूतीरीं घट भरण्याच्या ध्वनीवर दशरथानें बाण सोडला व हत्तीऐवजीं तपस्विकुमार पडला. न पाहतां सोडलेल्या बाणाचा तो दोष. दुर्बिणीनें तो टळतो. परंतु पाहिलें म्हणजे साधलेंच, हा नवा भ्रम तीच उत्पन्न करिते.

तेव्हां अशी नोंद हातीं आल्यास संग्राहकांनीं पुढील गोष्टी तपासाव्या : काडतुसाचें नांव व त्याचें दुसरें नांव, दुर्बीण स्पष्ट लिहिली आहे कीं नाहीं, पल्ला मोजलेला कीं अंदाजी, जनावर उभें कीं चालतें, आणि जखमी जनावराचा माग काढल्याचा उल्लेख. चारशें यार्डांवरील पळतें हरिण एका बारांत पाडल्याचें वाचलें तर तो लेख प्रशस्तीच्या सदरांत ठेवावा. ‘जखमी, माग काढला, दुसरे दिवशीं सांपडलें’ अशी साधी ओळ मात्र जपून ठेवावी. तिचा लेखक सत्य सांगत होता असें मानण्यास जागा आहे.