एकट्या संस्थेचें हें काम नव्हे

जत्रेंत मूल चुकलें म्हणजे देवळापाशीं पुकारा होतो आणि घटकाभरांत तें आईच्या कडेवर येतें. विकलें गेलेलें मूल असें चुकत नाहीं. त्याला घेऊन जाणारा बहुधा ओळखीचाच असतो : गांवचा कोणी शेजारी, दूरचा एखादा मामा, शहरांत ‘चांगलें काम’ लावून देणारी कोणी बाई. तो मुलाला दुसऱ्याच्या हवालीं करतो, दुसरा तिसऱ्याच्या. आणि प्रत्येकाला पुष्कळदां पुढच्या एकाच माणसाचें नांव ठाऊक असतें. म्हणून एक दलाल पकडला गेला तरी धंदा थांबत नाहीं. या धंद्याशीं झुंजणाऱ्या संस्थांना एकमेकींचे हात कां धरावे लागले, हें समजून घ्यावयाचें तर मुंबईंतच घडलेली एक हकीकत पाहिली पाहिजे.

१९९६ सालच्या फेब्रुवारींत, मुंबई उच्च न्यायालयानें या प्रकरणीं लक्ष घातल्यावर, पोलिसांनीं मुंबईंतील कुंटणखान्यांवर छापे घातले आणि चारशेंहून अधिक मुली सोडविल्या. त्यांतील जवळजवळ निम्म्या नेपाळांतून आणलेल्या होत्या, आणि कित्येक तर अजून अठरा वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या. वर्तमानपत्रांनीं या कामगिरीची वाहवा केली. परंतु छापा घालणें हें त्या मानानें सोपें काम होतें. मुलींना ठेवावें कोठें, त्यांची भाषा कोणी बोलावी, त्यांच्या आजारपणाकडे कोणी पाहावें, त्यांना घरीं कोणी पोंचवावें, यांपैकीं एकाही प्रश्नाचा आगाऊ विचार झालेला नव्हता. सुटका झालेल्या मुली आश्रयगृहांत कोंडल्यासारख्या राहिल्या.

नेपाळच्या सरकारकडे विचारणा झाली, तेव्हां या मुली आमच्याच कशावरून, या प्रश्नावर घोडें अडलें. आतां नेपाळांत नागरिकत्वाचा दाखला सोळा वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं. बाराव्या-तेराव्या वर्षीं जिला डोंगरांतल्या खेड्यांतून उचलून आणलें, तिनें तो आणावयाचा कोठून ? कागदावर जिला देश नाहीं तिला कोणतेंही सरकार ओळखत नाहीं, आणि दलालाला नेमकें तेंच हवें असतें.

असे महिन्यांमागून महिने गेले. अखेर नेपाळांतील सात स्वयंसेवी संस्था पुढें आल्या. ‘माइती नेपाळ’, मुलांच्या श्रमाच्या प्रश्नावर काम करणारी ‘सिविन’, ‘ए.बी.सी. नेपाळ’ या त्यांपैकींच होत. एवढ्या मुलींना एकट्यानें सामावून घेईल अशी एकही संस्था त्यांत नव्हती. म्हणून त्यांनीं मुली आपसांत वांटून घेतल्या, आणि १९९६ च्याच जुलै महिन्यांत सव्वाशेंच्या सुमारास मुली काठमांडूला परत गेल्या. सरकारांना जें साधलें नाहीं तें सात लहान संस्थांना साधलें, याचें कारण त्या कोणी थोर होत्या हें नव्हे, तर त्या सात होत्या हें आहे.

‘माइती’ या नेपाळी शब्दाचा अर्थ आपल्या वाचक भगिनींना सांगितला पाहिजे. माइती म्हणजे माहेर. अनुराधा कोइराला यांनीं १९९३ सालीं ही संस्था काढली आणि तिला हें नांव दिलें. कारण परतलेल्या कित्येक मुलींना खरें माहेर दार उघडीत नाहीं. या संस्थेनें पुढें सीमेवरच्या नाक्यांवर पहारा बसविला, आणि त्या पहाऱ्यावर स्वतः या नरकांतून सुटून आलेल्या मुलीही उभ्या राहिल्या. भारत-नेपाळ सीमा १७०० किलोमीटरांहून अधिक लांब आहे, आणि १९५० च्या तहान्वयें दोहींकडच्या लोकांना ती बहुतेक मोकळी आहे. अनोळखी माणसाबरोबर निघालेल्या मुलीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ, त्यांतून एकदां गेलेल्या डोळ्यांना जितका लौकर दिसतो तितका शिपायाला दिसत नाहीं.

मात्र या पहाऱ्यावरून संस्थांमध्यें मतभेदही झाले, आणि ते लपविण्याचें कारण नाहीं. सीमेवर प्रत्येक तरुण स्त्रीला अडवून प्रश्न विचारूं लागलें, तर पोटासाठीं राजीखुषीनें निघालेल्या सज्ञान बाईच्या स्वातंत्र्याचें काय, असा प्रश्न कांहीं कार्यकर्त्यांनीं विचारला. प्रश्न रास्त होता. शिवाय श्रेय कोणाचें, देणगी कोणाला, सुटकेचा आकडा कोणाच्या अहवालांत, हीं भांडणें येथेंही होतातच. आपल्या सार्वजनिक गणेशोत्सवांत होतात तशींच. तरीही १९९७ सालीं नेपाळांतील अशा संस्थांनीं ‘आटविन’ नांवाचा संघ उभारला. खेड्यांत प्रचार करणारी, नाक्यावर उभी राहणारी, खटला चालविणारी आणि आसरा देणारी, अशा निरनिराळ्या संस्थांची गांठ पडल्यावांचून मुलीचा परतीचा रस्ता पुरा होत नाहीं, हें १९९६ नें सर्वांना शिकविलें होतें.

सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. मुंबईहून परतलेल्या त्या मुलींपैकीं कांहींनीं त्याच वर्षीं ‘शक्ति समूह’ नांवाची आपली स्वतःची संस्था काढली. ज्यांच्याबद्दल आजवर इतरांनीं बोलावें, त्या आतां स्वतःच बोलूं लागल्या. २०१३ सालीं या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कायद्यांची वाटचाल अधिक मंद आहे. २००२ च्या जानेवारींत काठमांडूला सार्क देशांनीं याविषयीं करार केला खरा. पण त्यांतील व्याख्या वेश्याव्यवसायापुरतीच राहिली. जरीच्या कारखान्यांत किंवा घरकामाला विकलेलें मूल तींत बसत नाहीं. २००० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या मसुद्यानें मात्र सक्तीच्या श्रमाचाही समावेश केला, आणि अठरा वर्षांखालील मुलाची ‘संमति’ मुळींच ग्राह्य धरूं नये असें ठरविलें. भारतानें तो २०११ सालीं मान्य केला, नेपाळनें २०२० सालीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही २०१३ च्या मे महिन्यांत, ‘बचपन बचाओ आंदोलना’च्या अर्जावर, हरवलेल्या प्रत्येक मुलाची रीतसर फिर्याद नोंदलीच पाहिजे असा आदेश दिला. त्यापूर्वीं कित्येक ठाण्यांवर ‘येईल परत, वाट पाहा’ एवढ्यावरच आईबापांची बोळवण होत असे.

हें सर्व वाचतांना हा अंधार आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे असें आपल्याला वाटेल. पण सुशिक्षित घरांत बाळाला सांभाळावयाला ‘गांवाकडची एक मुलगी’ आणण्याची चाल आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. तिला कोणी आणलें, तिचा पगार कोणाच्या हातांत पडतो, ती आईशीं शेवटचें कधीं बोलली, हें किती घरांत विचारलें जातें ? १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवणें बेकायदा ठरलें, आणि २०१६ च्या दुरुस्तीनें या वयाच्या मुलांना जवळजवळ सर्वच कामांची मनाई झाली. तरी सोसायटीच्या जिन्यांत अशी मुलगी दिसली, कीं आपण शेजारधर्म म्हणून गप्प बसतों.

मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे. तो १९९६ सालीं, म्हणजे त्या छाप्यांच्याच वर्षीं, मुंबईंतच सुरू झाला. त्यावर पैसे पडत नाहींत, आणि फोन शेजाऱ्यानें केला तरी चालतो. ताब्यांत घेतलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आंत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढें उभें करावें लागतें, आणि त्याच्या घरचा शोध घेण्याचें काम तेथून सुरू होतें.