पाठ टेकली, तरी हार नाही!

आपल्या पिंपळनेरकडच्या कुस्त्यांच्या दंगलीत पाठ टेकली की खेळ खलास. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र कित्येक जण मुद्दाम पाठीवर पडून पायांनी लढतात! त्याला म्हणतात गार्ड. तो ओलांडून वरून दाबून धरलं की ३ गुण. छातीवर बसलं किंवा मागून दोन्ही पाय अडकवले की ४. आणि खाली पाडण्याचे फक्त २! सलग तीनदा (२०१४, १५, १६) महाराष्ट्र केसरी झालेल्या आपल्या जळगावच्या विजय चौधरींच्या मुलखात हा हिशेब अन्यायच वाटणार. शिवाय पकड ३ सेकंद टिकली तरच गुण. फ्रीस्टाइल कुस्तीत १० गुणांची आघाडी मिळाली की लढत संपते. इथे नाही. १२-० ने मागे असलेल्याने शेवटच्या क्षणी कोपर उलटं ताणलं, समोरच्याने हार मानून हाताने थाप दिली, की गुणफलक गेला उडत!