दूरच्या शाळेचा पट
सलालाह मस्कतपासून हजारेक किलोमीटरवर. तिथली इंडियन स्कूल, ओमानमधल्या वीसएक भारतीय शाळांप्रमाणेच, मस्कतच्या संचालक मंडळाच्या अखत्यारीत येते. इतक्या लांबून कारभार बघायचा तर पटसंख्या, हजेरी, फी सगळीकडे एकाच पद्धतीने नोंदायला हवी. नाहीतर दोन शाळांची तुलनाच होत नाही. प्रवेशांचंही तसंच: मस्कत परिसरातल्या शाळांसाठी प्रवेशअर्ज एकत्रित आणि ऑनलाइन असतो. पालक पसंतीक्रम देतात, त्यामुळे एकच मूल चार याद्यांत मोजलं जात नाही. माझ्या मते खरा फायदा हाच. महाराष्ट्रात २०१५ मध्ये आलेल्या ‘सरल’ या शालेय माहिती प्रणालीचा गाभाही प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद हाच होता. शिकवायचं सोडून माहितीच भरत बसायची का, ही तेव्हाची शिक्षकांची तक्रार मात्र रास्त होती.